मानसिक रुग्ण आणि आपले अभयदान

(सुवर्णमहोत्सवी समारंभाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या ट्रस्टची स्थापना 1975 साली झाली. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाचा तो काळ. त्या निमित्ताने सर्व पंथ एकत्र आले, सर्वांनी मिळून एक जैन प्रतीक स्वीकारले आणि त्या प्रतीकाखाली तत्त्वार्थसूत्रातील एक वचन घातले. जीवांनी एकमेकांना साहाय्य करावे, असा त्याचा आशय आहे. मी त्या वेळी 16 वर्षांचा होतो. ट्रस्टची पहिली वर्गणी गोळा करण्यासाठी वडिलांच्या मागे पावतीपुस्तक घेऊन पेठेतून फिरल्याचे मला स्पष्ट आठवते. दोन रुपयांपासून पावत्या फाटल्या होत्या. आज त्या रोपाचा वृक्ष झालेला पाहताना कोणालाही कृतार्थ वाटेल.

गेल्या 50 वर्षांचा हिशेब मांडायचा तर आपल्या परंपरेने सांगितलेल्या चार दानांच्या खात्यांत मांडावा लागेल. भोजनशाळा हे आपले आहारदान. बोर्डिंग, शिष्यवृत्त्या आणि ग्रंथालय हे शास्त्रदान. गरजू रुग्णांना मिळणारी औषधे आणि दरवर्षीचे नेत्रशिबिर हे औषधदान. ही तीन खाती भक्कम आहेत. चौथे खाते अभयदानाचे. त्या खात्यावर आपण जीवदयेचा खर्च लिहितो. पांजरपोळाला चारा देतो, कसायाकडे निघालेली जनावरे सोडवितो. ते सत्कार्यच आहे आणि ते चालू राहिले पाहिजे. परंतु ज्या माणसाला स्वतःच्याच मनाचे भय वाटते आणि ज्याचे भय समाजाला वाटते, अशा माणसासाठी या खात्यात 50 वर्षांत एकही नोंद नाही. कॉमर्सचा विद्यार्थी या नात्याने ही कोरी जागा मला खुपते. मी मानसिक रुग्णांविषयी बोलत आहे.

मी डॉक्टर नाही आणि पंडितही नाही. मी कापडाचा व्यापारी आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की माझा धाकटा भाऊ गेली 39 वर्षे स्किझोफ्रेनिया या आजाराने ग्रस्त आहे. हे वाक्य मी चारचौघांत आज प्रथमच उच्चारीत आहे. ते उच्चारण्यापूर्वी मी त्याची परवानगी घेतली. तो म्हणाला, "दादा, बोल. पण फार लांबवू नकोस, लोकांना जेवण जड झालेले असते." तो आपल्यासमोर, डावीकडे चौथ्या रांगेत बसलेला आहे.

1986 साली तो 21 वर्षांचा होता. पुण्याला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. परीक्षेच्या आधी दोन महिने तो अचानक घरी आला आणि परत गेलाच नाही. कोणाशी बोलेना, मित्रांना भेटेना. जेवणावरून उठून जाई. रात्र-रात्र मंदिराच्या पायरीवर बसून राही. आमचे घर धार्मिक. नातेवाईक म्हणू लागले, मुलाला वैराग्य आले. काही जणांनी तर माझ्या आईचे भाग्य वाखाणले. वस्तुतः वसतिगृहातील मुले अन्नात विष कालवितात, अशी त्याची खात्री झाली होती आणि त्याला कानात माणसांचे आवाज ऐकू येत होते. हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते.

त्या वर्षी आमच्या गावी चातुर्मासासाठी एक मुनिमहाराज होते. आईने त्याला त्यांच्या दर्शनाला नेले. महाराजांनी त्याच्याशी अर्धा तास एकांतात संवाद केला आणि नंतर वडिलांना बोलावून सांगितले की, हे वैराग्य नाही. विरक्त माणूस निर्भय असतो आणि हा मुलगा भ्यालेला आहे. त्याला डॉक्टरांकडे न्या. ज्यांनी सर्वसंगपरित्याग केला, त्यांना आजार आणि वैराग्य यांतील भेद अर्ध्या तासात कळला. रात्रंदिवस त्याच्याबरोबर राहणाऱ्या आम्हांस तो सहा महिने कळला नव्हता.

आम्ही त्याला मिरजेला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. औषधे सुरू झाली. तीन-चार महिन्यांत आवाज थांबले, झोप लागू लागली, तो दुकानात येऊन बसू लागला. येथे आम्ही पहिली चूक केली. बरे वाटते आहे, मग गोळ्या कशाला, असे म्हणून दीड वर्षाने औषध बंद केले. दुसरी चूक त्याहून मोठी होती. लग्न केले की मन रमेल, जबाबदारी आली की सगळे सुरळीत होईल, असा सल्ला चहूकडून मिळाला आणि आम्ही तो मानला. 1989 च्या मे महिन्यात त्याचे लग्न लावून दिले. मुलीकडच्यांना आजाराविषयी अवाक्षर सांगितले नाही. बोलणी करण्यात मी पुढे होतो. त्यामुळे हा दोष वडिलांवर ढकलता येणार नाही.

दिवाळीपर्यंत त्याचा आजार उलटला. पत्नी आपल्यावर विषप्रयोग करील या भयाने तो तिच्या हातचे पाणी घेईना. पाच महिन्यांत ती माहेरी गेली. तिचे वडील आमच्याकडे आले. तेही कापडाचेच व्यापारी. त्यांनी आवाज चढविला नाही. चहाचा कप बाजूला सारून ते एवढेच म्हणाले, "आपण एकाच धंद्यातले. ताग्यात डाग असला तर आपण खुणेचा दोरा बांधतो, दाखवून विकतो आणि सूट देतो. माणसाच्या बाबतीत तुम्ही ते केले नाही."

त्यांच्या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. आजारी माणूस म्हणजे डागी माल नव्हे, हे खरे. पण आम्ही फसविले, हेही तितकेच खरे. कायद्याने ते लग्न रद्द झाले. त्या मुलीचे पुढे दुसरे लग्न झाले आणि ती सुखात आहे, असे कळते. काही वर्षांनंतर क्षमावाणीच्या दिवशी मी तिच्या वडिलांकडे गेलो. त्यांनी पाणी दिले, बसविले, धंद्याची विचारपूस केली. त्यांनी मला क्षमा केली किंवा नाही, हे मला अखेरपर्यंत कळले नाही.

लग्न मोडल्यानंतरची तीन वर्षे आमच्या घराने त्याला माडीवरच्या खोलीत ठेवले. कडी बाहेरून असे. पाहुणे आले की तो बेंगळूरला नोकरीस आहे, असे आम्ही सांगत असू. आई दोन वेळा ताट घेऊन जाई आणि तासन् तास दाराबाहेर बसून त्याच्याशी बोलत राही. 1992 साली आई वारली. घरात दोनशे माणसे जमली होती. तो आरडाओरडा करील, लोकांना कळेल, या भीतीने आम्ही त्याला अंत्यदर्शनाला खाली आणले नाही. त्याने खिडकीतून आईची तिरडी जाताना पाहिली. तो ओरडला नाही. संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा तो म्हणाला, "मी गप्प बसलो असतो, दादा."

त्या दिवसानंतर कडी काढली, उपचार पुन्हा सुरू केले आणि ते आजवर चालू आहेत. मधून मधून आजार डोके वर काढतो. औषधे बदलावी लागतात, वजन वाढते, हात थरथरतात. तथापि आज तो सकाळी 11 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 7 दुकानात असतो. ताग्यांच्या घड्या घालतो, शिलकी मालाची मोजदाद करतो. त्याच्या मोजणीत चूक निघाल्याचे मला आठवत नाही. आमचे नोकर त्याला काका म्हणतात. माझी नातवंडे त्याच्याकडून गणित शिकतात.

बंधु-भगिनींनो, ही हकीकत मी सहानुभूती मिळविण्यासाठी सांगितलेली नाही. तिच्यातून मला जे उमगले, ते सांगण्यासाठी सांगितली आहे. आजाराने माझ्या भावाचे जे नुकसान केले, त्याच्या बरोबरीचे नुकसान आमच्या लपवाछपवीने केले. तीन वर्षे त्याला खोलीत ठेवले ते आजाराने नाही, आम्ही ठेवले, आणि लोकांच्या भीतीने ठेवले. हे लोक म्हणजे कोण? आपणच. या सभागृहात बसलेले आपण सर्व आणि आपल्यासारखेच इतर.

आता आजाराविषयी थोडेसे. स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. मेंदूतील रासायनिक द्रव्यांच्या कार्यात बिघाड होतो, भास होतात, खोट्या समजुती पक्क्या होतात, विचारांची साखळी तुटते, उत्साह आटतो. आनुवंशिकतेचा त्यात वाटा असतो, ताणाचाही असतो. आईबापांच्या संस्कारांतील उणिवेमुळे तो होत नाही, आणि करणी, बाधा, नजर यांच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. औषधांनी तो बहुतेकांच्या बाबतीत आटोक्यात राहतो, मात्र डॉक्टरांना न विचारता औषध थांबविले की पुन्हा उलटण्याचा धोका फार. घरात सतत टोचून बोलणे, दोष देणे किंवा गरजेपेक्षा अधिक काळजीने त्याला जखडून टाकणे, यांमुळेही आजार उलटतो, असे अनेक देशांतील अभ्यासांनी दाखवून दिले आहे. म्हणजे घरातील वातावरण हाही औषधाचाच भाग झाला. नैराश्य, द्विध्रुवीय विकार, चिंताविकार, मंत्रचळ हे आणखी काही आजार. बेंगळूरच्या निमहान्स या संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे साडेदहा टक्के प्रौढ व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्के इतके होते. आपल्या समाजाची जनगणना केली तर आकडा फार निराळा निघेल, असे मानण्यास मला कारण दिसत नाही. फरक पडला तर एवढाच पडेल की आपल्याकडे माडीवरच्या खोल्या अधिक निघतील.

दडवून ठेवण्याची परिणती कुठवर जाते, याचे एक उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. तामिळनाडूत रामनाथपुरम् जिल्ह्यात एरवाडी हे दर्ग्याचे गाव आहे. बाधा उतरेल या श्रद्धेने लोक आपल्या मानसिक रुग्णांना तेथे आणून ठेवीत. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे तेथील एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. 28 जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या घटनेची दखल घेतली. त्या माणसांना तेथे कोणी शत्रूंनी सोडले नव्हते. आईबापांनी, भावांनी सोडले होते. त्यांपैकी बहुतेकांनी मनात दुष्टपणा धरला नसेल. थकून, लाजेने, दुसरा मार्ग ठाऊक नसल्याने सोडले असेल. हे मी माझ्या अनुभवावरून म्हणतो.

पुढे कायदा बदलला. 1912 च्या कायद्याने अशा माणसाला वेडा म्हटले होते. 1987 च्या कायद्याने मानसिक रुग्ण म्हटले. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला आणि त्याने या माणसाला हक्क असलेला नागरिक मानले. त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे. त्याला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येत नाही. भूल न देता विजेचा झटका देता येत नाही. आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याची सूचना तो बरा असताना लिहून ठेवू शकतो आणि आपल्या वतीने बोलण्यासाठी प्रतिनिधी नेमू शकतो. आरोग्यविम्यात शारीरिक आणि मानसिक आजार असा भेद करू नये, असेही या कायद्यात आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने मानसिक आजाराचा समावेश 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला आहे. हे हक्क कागदावर आले, ही मोठीच गोष्ट. पण ज्याचे तोंड आजाराने बंद झाले आहे आणि ज्याच्या घरच्यांचे तोंड लाजेने बंद झाले आहे, त्याचा हक्क मागणार कोण? तेथे समाजाला वकील व्हावे लागते.

असे वकील झालेली माणसे महाराष्ट्रात आहेत. धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी ते लपविले नाही. 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 2004 चा 'देवराई' हा मराठी चित्रपटही त्यांच्याच प्रयत्नांमुळे निघाला. अतुल कुलकर्णी यांनी त्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाची भूमिका केली आहे. तो चित्रपट आम्ही दोघे भाऊ शेजारी बसून पाहिला. मध्यंतरात तो मला म्हणाला, "हे असेच असते." 18 वर्षांत त्याने स्वतःच्या आजाराविषयी माझ्याशी बोललेले ते पहिले वाक्य.

त्यानंतर मी पुण्याला कुटुंबीयांच्या आधारगटाच्या बैठकीस गेलो. या क्षेत्रातील मंडळींनी मराठीत दोन सुंदर शब्द रूढ केले आहेत. रुग्णाला ते शुभार्थी म्हणतात आणि त्याचा सांभाळ करणाऱ्याला शुभंकर. बैठकीत कोणी व्याख्यान दिले नाही. पंधरा-वीस शुभंकर वर्तुळात बसले होते आणि आपापले सांगत होते. माझी पाळी आली तेव्हा मला बोलता येईना. शेजारच्या वृद्ध शिक्षिकेने केवळ "किती वर्षे झाली?" असे विचारले. मी "अठरा" म्हणालो. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाला चोवीस." एवढ्या संभाषणाने माझ्या छातीवरचा दगड हलला. आपण एकटे नाही, हे कळणे हेच अभय.

दुसरे उदाहरण डॉ. भरत वाटवाणी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांचे. मुंबईत रस्त्याकडेला एक विस्कटलेला तरुण नारळाच्या करवंटीने गटारातील पाणी पिताना त्यांना दिसला. त्याच्यावर त्यांनी उपचार केले, तेव्हा तो शिकलेला, पदवीधर निघाला. त्यातून 1988 मध्ये श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठानाचे कार्य सुरू झाले आणि पुढे कर्जतजवळ केंद्र उभे राहिले. रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणायचे, उपचार करायचे आणि देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील त्यांच्या घरी पोहोचवायचे, असे हजारो रुग्णांच्या बाबतीत त्यांनी केले. डॉ. वाटवाणी यांना 2018 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्यासारख्या सामान्य माणसांना अनुकरण करता येईल असे तिसरे उदाहरण 'आत्मीयता' या उपक्रमाचे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तो नाशिक जिल्ह्यातील गावांत सुरू केला आणि पुढे गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात नेला. गावातीलच विश्वासू स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण द्यायचे. त्यांनी दुःखी, त्रस्त माणूस ओळखायचा, त्याचे शांतपणे ऐकून घ्यायचे, आजार गंभीर वाटला तर डॉक्टरांपर्यंत न्यायचे आणि सरकारी योजनांचा लाभही मिळवून द्यायचा. त्यासाठी पदवी लागत नाही. ऐकून घेण्याची तयारी लागते.

आता आपल्या धर्माकडे येतो. काही जण म्हणतील, हा पूर्वकर्माचा उदय आहे, त्याला आपण काय करणार? असातावेदनीय कर्माचा उदय मधुमेहातही असतो, मोतीबिंदूतही असतो. म्हणून आपण नेत्रशिबिर बंद केले नाही. सहा आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य हे एक तप आहे. ज्यांची सेवा करावयाची त्या दहांत 'ग्लान' म्हणजे आजारी साधूचा स्पष्ट उल्लेख आहे. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांकडे पाहा. निर्विचिकित्सा म्हणजे रुग्णाच्या शरीराची किळस न करणे. अमूढदृष्टी म्हणजे अंगारे-धुपारे, गंडेदोरे यांच्या नादी न लागणे. स्थितिकरण म्हणजे ढळलेल्याला पुन्हा उभे करणे. वात्सल्य तर सांगायलाच नको. राहिले उपगूहन. दुसऱ्याच्या दोषाचा बोभाटा करू नये, असा त्याचा अर्थ. आम्ही त्याचा अर्थ आजार लपविणे असा करून घेतला. पण आजार हा दोषच नाही, तर झाकायचे काय? झाकायची असेल तर आपली कुजबुज झाकावी.

आपल्या पूर्वजांनी लंगड्या बैलासाठी, आंधळ्या गाईसाठी पांजरपोळ उभारले. काम करू न शकणाऱ्या प्राण्यालाही जगण्याचा आणि चाऱ्याचा अधिकार आहे, असे त्यांनी मानले. त्याच घराण्यांत मन अधू झालेल्या मुलाला मात्र कडी लावली गेली. हा विरोधाभास आपण दूर केला पाहिजे.

विश्वस्त मंडळापुढे मी काही सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी आपल्या छोट्या सभागृहात शुभंकर आणि शुभार्थी यांची बैठक भरावी. जातिधर्माची अट नसावी. हजेरीपट नसावा. बैठकीत ऐकलेले बाहेर जाऊ नये, हा एकच नियम असावा.

दुसरी, औषधनिधीतून मानसिक आजारांच्या गोळ्यांनाही साहाय्य मिळावे. शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच येतो आणि त्यासाठी दाते मिळतात. या गोळ्या दरमहा, वर्षानुवर्षे लागतात आणि त्यांच्यासाठी हात पसरण्याची लाज वाटते.

तिसरी, आपल्यापैकी ज्यांची दुकाने, पेढ्या, कारखाने आहेत, त्यांनी एकेका शुभार्थीला दिवसातून दोन-तीन तासांचे काम द्यावे आणि त्याचा मोबदला द्यावा. दया म्हणून दिलेल्या पैशाने माणूस ताठ बसत नाही, मजुरीने बसतो. माझ्या भावाचा पगार दर महिन्याच्या एक तारखेस इतर नोकरांबरोबरच होतो आणि तो त्यावर सही करतो.

चौथी, पाच-सहा कार्यकर्त्यांनी कागदपत्रांचे काम अंगावर घ्यावे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, विम्याचा दावा, सरकारी रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग, पोलिसांशी संबंध आल्यास रुग्णाची बाजू मांडणे, यांपैकी प्रत्येक ठिकाणी थकलेल्या आईबापांबरोबर कोणीतरी उभे राहिले पाहिजे. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा 14416 हा दूरध्वनी क्रमांक आपल्या फलकावर ठळक लिहावा. तेथे विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

पाचवी सूचना वधूवर मेळाव्याविषयी. आरोग्याची माहिती दोन्ही बाजूंनी सत्य सांगावी, असा आग्रह ट्रस्टने धरावा. मानसिक आजार असलेल्यांनी विवाह करू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. सर्व जाणून घेऊन केलेले आणि उत्तम चाललेले संसार मी पाहिले आहेत. लपवून केलेल्या लग्नात मात्र दोन आयुष्ये पणाला लागतात, आणि ती लावणारे तिसरेच असतात.

शेवटची सूचना प्रत्येक शुभंकराच्या उशाशी असलेल्या प्रश्नाविषयी आहे. आमच्या माघारी याचे काय? मी 66 वर्षांचा आहे, तो 60 चा. मुले चांगली आहेत, परंतु आपली जबाबदारी मुलांच्या चांगुलपणावर सोडून देणे हा व्यवहार नाही. मृत्युपत्र वेळीच करावे. अशा व्यक्तीच्या हितासाठी खाजगी न्यास करून ठेवता येतो. आपल्या समाजात वकील आणि सनदी लेखापाल पुष्कळ आहेत. त्यांनी वर्षातून दोन दिवस यासाठी विनामूल्य सल्ला द्यावा. आणि ज्यांचे कोणीच उरलेले नाही, अशा चार-सहा जणांसाठी आपल्या धर्मशाळेच्या मागील इमारतीत देखरेखीखालील निवास करता येईल काय, याचा विचार पुढील वर्षभरात व्हावा.

या कामाच्या आरंभासाठी आमच्या कुटुंबातर्फे 1,51,000 रुपयांची देणगी मी जाहीर करतो. ती माझ्या आईच्या स्मरणार्थ आहे. देणगीदार म्हणून पाटीवर माझे नाव नको. पाटी लावायचीच असेल तर अभयदान एवढाच शब्द लावावा.

एका गोष्टीची कबुली देऊन थांबतो. आज सकाळपर्यंत माझ्या मनात धाकधूक होती. नातीचे लग्न जमविण्याचे दिवस आहेत, लोक काय म्हणतील, हाच जुना प्रश्न पुन्हा समोर उभा होता. 39 वर्षांनंतरही ते भय गेलेले नाही. मी ते नातीला बोलून दाखविले. ती म्हणाली, "आजोबा, हे ऐकून जे स्थळ परत जाईल ते आधीच गेलेले बरे." पुढच्या पिढीने मला अभय दिले. आपण सर्वांनी ते त्या घरांना द्यावे, ज्यांच्या माडीवर आज या क्षणीही एखादे दार बाहेरून बंद आहे.

सभा संपल्यावर चौथ्या रांगेत जाऊन माझ्या भावाची विचारपूस अवश्य करा. आजाराविषयी विचारू नका. त्याला क्रिकेट आणि जुन्या कापडगिरण्या या विषयांवर बोलायला आवडते.  माझ्या बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास क्षमा असावी.

जय जिनेंद्र.